सोल्डरिंग आयर्नची टिप सारखी काळी पडते, महागडं स्टेशन घेऊ का?

पत्राचा गोषवारा: इंदूरच्या एक ताई, पन्नाशीच्या जवळपास, बँकेत नोकरी. वडिलांचं रामबागेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यांच्या शेजारी बसून लहानपणीच डाग द्यायला, म्हणजे सोल्डरने जोड करायला शिकल्या, मग संसार आणि नोकरीत सगळं सुटलं. आता मुलगा पुण्याला, संध्याकाळ मोकळी, म्हणून किट आणून छोटे ॲम्प्लिफायर, रेडिओ, पोर्चमधला आपोआप लागणारा दिवा असं बनवायला लागल्यात. जेल रोडवरून 25 वॉटचं आयर्न आणलं. पण टिप थोड्याच दिवसांत काळी पडते, सोल्डर धरतच नाही, गोळी होऊन घरंगळतं. बाबा कानसेने घासायचे तशी त्या टिप घासतात, दोन दिवस छान चालते आणि मग आधीपेक्षा वाईट. अशा तीन टिपा गेल्या. मुलगा म्हणतो टाक हे सगळं, बारा हजाराचं स्टेशन, म्हणजे तापमान ठरवता येणारं सोल्डरिंगचं यंत्र मागवतो. यजमान म्हणतात छंदापायी एवढे पैसे कशाला. ताईंना स्वतःला वाटतं की हल्लीचा मालच खोटा किंवा मग आपला हात गेला. कपाटात बाबांचं 65 वॉटचं जुनं आयर्न आहे, तांब्याच्या बिटचं (टोकाचं), ते काढू का असंही विचारतात. शेवटी एक ओळ अशी: दहा वर्षांची भाची शेजारी बसते, काम डायनिंग टेबलवर चालतं, धुराचं भ्यायचं काही कारण आहे का?

उत्तर:

ताई, नमस्कार. आधी हे सांगतो की तुमचा हात गेलेला नाही. हात गेला असता तर घासल्यावरचे ते दोन दिवससुद्धा डाग चांगले आले नसते. आणि माल खोटा असेलच असंही नाही. तुमच्या पत्रातली ती "दोन दिवस छान, मग आधीपेक्षा वाईट" ही ओळ मी परत परत वाचली, सगळं दुखणं तिच्यातच आहे.

बाबा कानस वापरायचे ते अगदी बरोबर होतं. त्यांची बिट म्हणजे आरपार तांबं. तांबं उष्णता झटकन पोचवतं पण वितळलेल्या सोल्डरमधलं कथील तांब्याला खातं, दर डागाला थोडं थोडं तांबं सोल्डरमध्ये विरघळून जातं, बिटवर खड्डा पडतो, मग कानस मारून तोंड सपाट करायचं, लगेच सोल्डर फासायचं आणि पुढचं काम. हा त्या काळातल्या प्रत्येक रेडिओवाल्याचा रोजचा उद्योग होता. हे तांबं खाल्लं जाणं इतकं त्रासाचं होतं की मल्टिकोअर कंपनीने सॅव्हबिट नावाची सोल्डर वायर काढली, तिच्यात आधीच थोडं तांबं मिसळलेलं, म्हणजे सोल्डर बिटचं तांबं कमी खाईल.

तुमच्या आजच्या टिपेच्या पोटात तांबंच आहे पण वरून लोखंडाचा पातळ थर चढवलाय, कारण कथिलात लोखंड फार हळू विरघळतं. मागच्या भागावर क्रोमचा मुलामा असतो, सोल्डर वर चढू नये म्हणून. तो लोखंडी थर म्हणजेच टिपेचं आयुष्य. तुम्ही कानस मारली की थर फाटतो, आतलं ताजं तांबं उघडं पडतं, ताजं तांबं सोल्डर आनंदाने धरतं म्हणून दोन दिवस वाटतं वा काय सुंदर चाललंय, पण त्याच दोन दिवसांत कथील त्या भोकातून आतलं तांबं पोखरत असतं आणि कडेचा उरलेला लोखंडी काठ गंजून काळा होतो. मग पुन्हा कानस, अजून मोठं भोक. फेकून दिली नसेल तर गेलेल्या तीन टिपांमधली एक भिंगाखाली धरून बघा, टोकाला बारीक पोकळी आणि भोवती करकरीत काळी कड दिसेल.

म्हणजे एकच सवय, एका बिटला जगवणारी आणि दुसऱ्या टिपेला मारणारी. हे ओळखायला सोपी युक्ती आहे, थंड टिपेला लोहचुंबक लावा. चिकटला तर वर लोखंड आहे, तिला कानस, पॉलिश पेपर, ब्लेड, काहीही लावायचं नाही. अजिबात चिकटला नाही तर साधं तांबं, खुशाल घासा. साध्या आयर्नसाठी दोन्ही प्रकारच्या बिट बाजारात मिळतात, तेव्हा नवीन घेताना चुंबक खिशातच ठेवा.

आता पुढचा प्रश्न, कानस मारायची नाही तर मुळात काळी पडते त्याचं काय. लोखंड साडेतीनशे-चारशे डिग्रीला हवेत उघडं राहिलं की त्यावर ऑक्साइडची साय धरते आणि त्या सायीला सोल्डर चिकटत नाही. तुम्ही कल्हईवाला बघितला असेल, भांडं तापवून त्यावर नवसागर टाकल्याशिवाय कथील फिरत नाही, नवसागर ती मळकट साय उडवतो आणि त्याच क्षणी कापसाच्या बोळ्याने कथील पसरावं लागतं, एकदा कल्हई बसली की मग भांडं झाकलेलं राहतं. सोल्डर वायरच्या पोटातली राळ, म्हणजे फ्लक्स, तेच काम करते, थोड्या सौम्यपणे. तर टिपेवर कायम सोल्डरचा पातळ ओला थर असला पाहिजे, टिप उघडी राहता कामा नये, बस.

इथे जवळपास सगळे एकच गोष्ट उलटी करतात. डाग दिला, टिप स्पंजवर पुसून चकचकीत केली, स्टँडवर ठेवली. दिसायला नीटनेटकं पण चकचकीत टिप म्हणजे उघडी टिप, स्टँडवर बसल्या बसल्या ती जळते. पुसायचं ते डाग देण्याच्या आधी. डाग झाला की टिप तशीच, उरलेल्या सोल्डरसकट स्टँडवर, वाटलं तर आणखी थोडं लावून. पुढच्या डागाला उचललीत की पुसा, किंचित ताजं सोल्डर लावा आणि कामाला. रात्री बंद करताना तर टोकावर चांगला जाड थेंबच चढवा, बटण बंद करा, तो थेंब टोकावरच गोठू द्या. दुसऱ्या दिवशी तापल्यावर तो पुसला की खाली टिप चांदीसारखी निघते. थोडं सोल्डर वाया जातं, जाऊ द्या, टिपेपेक्षा स्वस्त आहे.

स्पंज ओलसर हवा, थबथबलेला नको, पिळून पाणी टपकायचं थांबेल इतका. पाणी आरओचं किंवा उकळून गार केलेल्या वाफेचं म्हणजे डिस्टिल्ड. आपल्याकडे ज्या घरांत बोअरचं पाणी येतं तिथे ते जड असतं, त्याचे क्षार गरम टिपेवर बसतात. स्पंजापेक्षा पितळी जाळीची गुंडाळी मला जास्त आवडते, टिप गार पडत नाही आणि खरवडलीही जात नाही. भांडी घासायची स्टीलची घासणी मात्र नको, ती कानशीचीच बहीण. टिप काळी झालीच असेल पण थर शाबूत असेल तर टिप टिनरची छोटी डबी मिळते, गरम टिप त्यात फिरवायची आणि लगेच भरपूर सोल्डर लावायचं, बहुतेक वेळा परत जिवंत होते. रोज वापरायची वस्तू नाही, औषधासारखीच घ्यायची, आणि खिडकी उघडी ठेवून कारण धूर उग्र असतो.

हे सगळं केलंत तरी 25 वॉटच्या साध्या आयर्नची एक अडचण उरते, त्याला थांबायचं कळत नाही. तापमानावर काही ताबा नाही, स्टँडवर अर्धा तास पडलं की तापत तापत त्याच्या वरच्या टोकाला जाऊन बसतं, आणि तुम्ही सर्किट डायग्राम वाचत असता तेव्हा टिप जळत असते. दहा मिनिटं हात लागणार नसेल तर सरळ बंद करा. नाहीतर हौशी लोकांची जुनी युक्ती आहे, आयर्नच्या वायरीत सिरीजमध्ये एक 1एन4007 डायोड आणि त्याला बायपास करणारा स्विच. स्विच उघडा असेल तर अर्धीच साइन वेव्ह जाते, पॉवर निम्मी, टिप कोमट-गरम राहते. काम करताना स्विच दाबला की पूर्ण. तुम्ही किट बनवता तेव्हा हे तुम्हाला अवघड नाही, फक्त 230 व्होल्टचं प्रकरण आहे, प्लास्टिकच्या बंद डबीतच करायचं आणि जोड नीट इन्सुलेट करायचे. आणि हे फक्त साध्या, थेट मेन्सवर चालणाऱ्या आयर्नला, ट्रान्सफॉर्मर असलेल्या स्टेशनला कधीही लावू नका, ट्रान्सफॉर्मर जळेल.

बाबांचं 65 वॉटचं. वॉट जास्त म्हणजे टिप जास्त गरम एवढंच लोक समजतात, पण वॉटचा खरा उपयोग म्हणजे गेलेली उष्णता किती लवकर भरून येते तो. जाड वायर, पोटेन्शिओमीटरचं धातूचं अंग, ट्रान्सफॉर्मरचे टॅग, पीसीबीवरचा (भाग बसवायच्या छापील सर्किटच्या पाटीवरचा) मोठा ग्राउंडचा पत्रा, हे सगळं टिपेची उष्णता क्षणात शोषून घेतं आणि 25 वॉटवालं तिथे नुसतं चिकटून बसतं. तिथे बाबांचं आयर्न राजा आहे. बारीक पीसीबीवर मात्र ते नको, तांब्याचे ट्रॅक उचलून येतील. तेव्हा काढा, जरूर काढा, जड कामाला ठेवा आणि त्याला कानसही मारा, बाबा मारायचे तशी. पण प्लगमध्ये घालायच्या आधी वायरमनला दाखवा. जुन्या आयर्नमध्ये एलिमेंटभोवती अभ्रक असतं, वर्षानुवर्षं पडून राहिलं की ओल धरतं, वायरीचं रबर तडकलेलं असतं, आणि बऱ्याचदा दोनच पिनचा प्लग असतो. तीन तारांची नवी वायर, तीन पिनचा प्लग, अंगाला पक्की अर्थिंग, आणि मेगरने, म्हणजे मोठं व्होल्टेज देऊन मोजणाऱ्या मीटरने, इन्सुलेशन तपासून घ्या. मल्टिमीटरवर काही दिसलं नाही म्हणून खात्री धरू नका, मल्टिमीटर थोड्याशा व्होल्टेजवर मोजतो, घरात 230 येतात. अर्थिंग नुसती शॉकसाठीच नाही, अर्थ नसलेल्या टिपेवर गळतीचं व्होल्टेज येतं आणि मॉसफेट नावाचे नाजूक ट्रान्झिस्टर त्यानेच मरतात, तुम्हाला वाटतं किटच खराब निघालं.

एक शंका मला तुमच्या सोल्डर वायरीबद्दलही आहे कारण पत्रात तिचा उल्लेखच नाही, आणि आयर्नवर एवढा विचार करणारे आपण सगळेच वायर मात्र जी मिळेल ती आणतो. रिळावर 60/40, म्हणजे 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं, असं लिहिलेलं असतं आणि आत शिसं कितीतरी जास्त, असा माल भरपूर फिरतो. 63 टक्के कथील, 37 टक्के शिसं असं मिश्रण बरोबर 183 डिग्रीला वितळतं आणि त्याच तापमानाला एकदम गोठतं, मध्ये चिखलासारखी अवस्था येतच नाही. घरी तपासा, टिपेने एका पत्र्यावर थेंब वितळवा आणि आयर्न बाजूला घेऊन बघत राहा. चांगलं असेल तर थेंब झटकन गोठतो आणि चकाकी राहते. बराच वेळ रबरबीत राहून मळका, दाणेदार झाला तर वायर बदला, निम्मे कोरडे, नीट न धरलेले डाग तिथेच संपतील. किटच्या कामाला 0.8 मिलिमीटर जाडीची, आत राळेचा फ्लक्स असलेली घ्या, नाव असलेल्या कंपनीची. आणि ती पिवळ्या पेस्टची डबी, जी प्रत्येक दुकानदार सोबत देतो, तिच्यात काय आहे ते लिहिलेलं नसेल तर पीसीबीवर लावू नका, काहींमध्ये आम्लाचा अंश असतो, आज डाग सुंदर दिसतो आणि काही महिन्यांनी भागांच्या पायांवर हिरवट थर चढतो. वेगळा फ्लक्स लागलाच तर राळेचा, काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टाकायचा.

आता भाची आणि डायनिंग टेबल. याबाबत मी थोडा कडक बोलतो, रागावू नका. दिसतो तो धूर शिशाचा नसतो, शिसं उकळायला सतराशे डिग्रीच्या वर लागतात, आयर्न त्याच्या जवळपासही जात नाही. धूर राळेचा असतो, पण म्हणून तो निरुपद्रवी नाही, राळेच्या धुराने दमा होतो हे कारखान्यांतल्या कामगारांमध्ये नीट नोंदलेलं आहे, म्हणून नाक डागाच्या वर आणायचं नाही आणि एक छोटा फॅन धूर ओढून खिडकीकडे नेईल असा ठेवायचा, डागावर वारा मारणारा नाही. शिसं शरीरात जातं ते हातांवरून तोंडात. वायर धरलेली बोटं, टेबलावर पडलेले बारीक थेंब, स्पंजातला गाळ आणि मग त्याच टेबलावर पोळी-भाजी. मोठ्यांना जेवढं बाधतं त्यापेक्षा मुलांना शिसं कितीतरी जास्त बाधतं, त्यांच्या मेंदूची वाढ चालू असते. म्हणून टेबल बदला, हे ऐच्छिक नाही. गॅलरीतलं जुनं स्टडी टेबल, त्यावर सिलिकॉनची मॅट किंवा सनमायकाचा तुकडा, ओल्या फडक्याने पुसायचं, झाडायचं नाही, गाळ आणि थेंब झाकणाच्या डबीत, तिथे खाणं-पिणं नाही, उठलं की साबणाने हात. मला वाटतं यजमानांचा विरोध पैशांना असेल त्यापेक्षा जेवायच्या टेबलावरच्या पसाऱ्याला जास्त असेल, हे एक बदलून बघा, बोलणं बरंच सोपं होईल.

भाचीला शिकवायचं असेल, आणि शिकवाच, तर तिच्यासाठी लेड-फ्री वायर. युरोपने 2006 पासून इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंदी आणली तेव्हापासून ही सगळीकडे रुळलीय. कथील, चांदी, तांबं असं मिश्रण, साधारण 217 डिग्रीला वितळतं, म्हणजे टिप तीस-चाळीस डिग्री जास्त ठेवावी लागते. पण लेड-फ्री म्हणजे धूर सुरक्षित असं मुळीच नाही, फ्लक्स तोच, उलट गरम जास्त म्हणून धूर जास्त. फॅन तिलाही हवाच, आणि डोळ्यांवर चष्माही. आणि दोन्ही वायरींच्या टिपा वेगळ्या ठेवा.

आणि इथेच स्टेशनचा मुद्दा येतो, कारण लेड-फ्री 25 वॉटच्या साध्या आयर्नवर नीट जमत नाही. मुलाचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त त्याला वाटतंय की महाग वस्तूने टिपा जायच्या थांबतील. कानस हातात असेल तर बारा हजारांच्या स्टेशनची टिपसुद्धा तशीच जाईल आणि ती टिप महाग असेल. म्हणून आधी एक नवी टिप आणा, वर सांगितलं तसं वापरा, चांगली वायर लावा. महिनाभर डाग बघा. मग घ्यायचं असेल तर अवश्य घ्या, छंदाला पैसे लागतात यात लाजण्यासारखं काही नाही, बँकेतली नोकरी तुमचीच आहे.

माझा कल सांगतो. तुमच्या कामाला 936 धाटणीचं स्टेशन पुरे आहे, मूळ डिझाइन हाक्को या जपानी कंपनीचं, त्याच नमुन्याची कित्येक कंपन्यांची मिळतात, बारा हजारांच्या मानाने खूप स्वस्तात, आणि मोठी गोष्ट म्हणजे त्याला लागणाऱ्या 900एम टिपा आणि हीटिंग एलिमेंट जेल रोडवर सहज सापडतात, काही बिघडलं तर पार्सलची वाट बघत बसायला नको. टी12 सारखी कार्ट्रिजवाली जास्त चांगली, टिप आणि हीटर एकाच तुकड्यात, काही सेकंदांत तापतात, उष्णता लगेच भरून येते, पण प्रत्येक टिप महाग. सुरुवातीला एक-दोनच लागतील म्हणून तीही चालतील, मुलाचा हट्ट असेल तर हे घेऊ द्या. यूएसबी-सीवर चालणारी पेनासारखी आयर्नं छान आहेत, फिरतीवर नेता येतात, पण त्यांना साधारण 65 वॉटचा चार्जर लागतो आणि अर्थिंगची वेगळी सोय बघावी लागते. तुम्ही एका जागी बसून काम करणार, तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

कुठलंही घ्या, टिप मात्र सोबत आलेली टोकदार सुईसारखी वापरू नका. सगळ्यांना वाटतं बारीक काम म्हणजे बारीक टोक, आणि मग टोक पॅडला, म्हणजे पाटीवरच्या तांब्याच्या टिकलीला, नुसतं टेकतं, उष्णता जात नाही, माणूस तापमान वाढवत साडेचारशेवर नेतो आणि टिप जाळतो. 2.4 मिलिमीटरची चिझल, म्हणजे पटाशीसारख्या चपट्या तोंडाची घ्या. चपटी बाजू पॅड आणि पाय दोन्हींना एकदम लागली पाहिजे, दुसऱ्या बाजूने वायर लावायची, दोन-तीन सेकंदांत सोल्डर पायाभोवती उतरत्या शंकूसारखं चढतं, आधी वायर काढायची, मग टिप. शिशाच्या वायरीला 320 ते 350, लेड-फ्रीला 350 ते 380, त्यावर जायची वेळ आली तर तापमान नाही, टिप मोठी करा.

दुकानात पैसे द्यायच्या आधी मल्टिमीटर लावून प्लगची अर्थची पिन आणि टिप यांमधला रेझिस्टन्स बघा, एक-दोन ओहमच्या आत हवा, स्वस्त स्टेशनांत आत अर्थची तार जोडलेलीच नसते असं होतं. चांगला दुकानदार तपासू देतो. उरलेल्या पैशांत चांगल्या वायरीचं रीळ, पितळी जाळी, डिसोल्डरिंग पंप, विकची (सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या वेणीची) एक गुंडाळी आणि दोन जादा चिझल टिपा त्याच बिलात घ्या, नंतर त्याच मापाच्या शोधत फिरावं लागतं.